जुन्या शिलाई मशीनचे सुटे भाग शोधताना या चुका टाळा

चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एका दुकानाच्या दारात परवा काळं सिंगर दिसलं. सोनेरी वेलबुट्टी बरीचशी शाबूत, चाक गरगर फिरत होतं, भावही बरा होता. सुईखाली बोट घालून पाहिलं तर बॉबिन केसच नाही, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ (बॉबिन) जिच्यात बसते ती डबी. दुकानदार म्हणाला, "मिल जाएगा मॅडम, सब मिलता है." मिळतं, हे खरं आहे. पण मिळालेली केस त्याच मशीनला बसेल का, या एका प्रश्नात लोकांचे महिने आणि पैसे जातात. लालबाग-परळच्या घरांतून, भंगारवाल्यांकडून आणि चोरबाजारातून मी अशी मशीनं गोळा करते. निव्वळ झिजून बंद पडलेलं मशीन मला क्वचितच भेटलं. चुकीचा भाग ठोकून बसवल्यामुळे बंद पडलेली मात्र आजही माझ्या घरात चार आहेत.

"जुनं सिंगर आहे" एवढंच सांगून दुकानात जाणं

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच. काउंटरपलीकडचा माणूस अशा वेळी सगळ्यांत जास्त खपणारा भाग काढून देतो आणि तो घरी येऊन बसत नाही.

मशीनच्या पायथ्यावर उजव्या बाजूला नंबर कोरलेला असतो. आपल्याकडे सापडणारी बरीच सिंगर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यातली आहेत. १५के, ६६के, २०१के या मॉडेलांच्या नावांतला 'के' त्या किलबोवीचाच. नंबराच्या सुरुवातीला एफ, वाय किंवा ईए, ईडी अशी अक्षरं असली तर मशीन तिथलंच समजायचं. हा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. नंबरावरून साल काढता येतं, पण सुटा भाग घेताना सालापेक्षा मॉडेल महत्त्वाचं, आणि मॉडेल ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे बॉबिन कुठे आणि कशी बसते ते पाहणं.

खालचा दोरा नेणारं लांबट, होडीसारखं शटल झुलत असेल आणि बॉबिन बारीक, काडीसारखी लांब असेल, तर ते २७, २८, १२७ किंवा १२८ यांपैकी एक. गोल बॉबिन सुईजवळच्या सरकत्या पत्र्याखाली आडवी पडत असेल तर ६६, ९९ किंवा २०१. आणि बॉबिन उभी, डाव्या टोकाला वेगळ्या डबीत म्हणजे बॉबिन केसमध्ये बसत असेल तर १५. आपल्याकडची उषा आणि इतर देशी काळी मशीनं बहुतांशी या १५च्याच वळणाची. म्हणूनच १५चे भाग गल्लीबोळातल्या दुकानातही मिळतात. मुंबईत राहून पहिलं जुनं मशीन घ्यायचं असेल तर १५ घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते. २७ आणि १२७ दिसायला फार देखणी असतात, पण शटल आणि लांब बॉबिन आत नसतील तर पैसे काढू नका. नेमक्या याच दोन वस्तू आधी हरवलेल्या असतात. ६६ घेताना तो सरकता पत्रा जागेवर आहे ना, तेही पाहा.

बॉबिन "तशीच दिसते" म्हणून घेणं

१५ची आणि ६६ची बॉबिन समोरासमोर ठेवली तर नवख्या माणसाला फरक कळत नाही. व्यास जवळपास सारखाच. पण १५च्या बॉबिनच्या दोन्ही चकत्या सपाट असतात आणि ६६च्या किंचित फुगीर. चुकीची बॉबिन आत जाते, फिरतेही. मग खालचा दोरा कधी सैल, कधी ताठ येतो आणि माणूस आठवडाभर वरचं टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण, पिळत बसतो.

बॉबिन केसमध्ये आणखी एक गोम आहे. केसच्या तोंडावर एक बोट पुढे आलेलं असतं. केस समोर धरली की काही केसमध्ये ते घड्याळातल्या एकच्या जागी असतं, काहींत अकराच्या. १५ हे नाव सारखंच असलं तरी या दोन केस एकमेकींच्या जागी चालत नाहीत. मशीनमध्ये त्या बोटासाठी खाच कुठे आहे हे पाहून, तिचा मोबाइलवर फोटो काढूनच बाजारात जा.

तुटलेला भाग टाकून देणं

तुटका भाग हाच तुमचा खरा पुरावा. सिंगरच्या मूळ भागांवर बऱ्याचदा बारीक अक्षरांत 'सिमॅन्को' आणि भागाचा नंबर ठोकलेला असतो. सिमॅन्को म्हणजे सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. रॉकेलच्या फडक्याने पुसून भिंगाखाली धरला की नंबर वाचता येतो. वर्णन करून सांगितलेला भाग आणि हातात दाखवलेला भाग यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, विशेषतः दुकानदार त्याला एका नावाने ओळखत असतो आणि आपण दुसऱ्या, तेव्हा.

स्क्रूच्या बाबतीत तर हे जिवावर बेतण्याइतकं गंभीर आहे. सिंगरने स्वतःच्या मापाचे आटे वापरले. नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअरचं काय मिळत नाही! पण तिथला मिलिमीटरचा स्क्रू दोन फेरे आत गेला म्हणजे तो बसला असं नव्हे. सुई धरणारा स्क्रू हरवला तेव्हा मी तिथून आणलेला एक स्क्रू पान्याने जोर लावून आवळला. सुईच्या दांडीतले आटे कायमचे गेले. स्क्रू चार आण्याचा, पण दांडी बदलायला दुसरं मशीन शोधावं लागलं. हाताने, बोटांच्या जोरावर स्क्रू शेवटपर्यंत फिरत गेला तरच तो तुमचा. अडला की थांबायचं.

म्हणून एक सवय लावून घ्या: स्वतःच्या मॉडेलचं एक बंद, गंजकं मशीन भंगारातून अख्खं विकत घेऊन ठेवा. ओतीव लोखंड म्हणून ते वजनावर मिळतं. त्यातून स्क्रू, स्प्रिंगा, टेन्शनच्या चकत्या, दाब-पाय, कापड पुढे सरकवणारे दाते, सगळं मूळ मापाचं निघतं. सुटे भाग एकेक करून शोधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

सुई

घरगुती १५ आणि ६६ला सपाट मानेची, म्हणजे वरचा जाड भाग एका बाजूने सपाट असलेली सुई लागते, पाकिटावर 'एचएएक्स १' किंवा '१५ बाय १' लिहिलेली. धारावीतल्या कारखान्यांसाठी विकली जाणारी 'डीबीएक्स १' गोल मानेची आणि मानेला बारीक असते. ती घरच्या मशीनमध्ये शिरते, म्हणूनच धोका. टाके सुटायला लागले तर मशीन उघडण्याआधी सुई पाहा. सुईची लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला आणि सपाट बाजू शटलकडे हवी. टाके सुटतात म्हणून माझ्याकडे आणलेल्या कितीतरी मशीनांना फक्त नवी सुई लागली.

रंगवलेल्या मशीनला भुलणं

नव्याने काळं केलेलं, चकचकीत सोनेरी स्टिकर लावलेलं मशीन 'अँटिक' म्हणून दुप्पट भावाने विकतात. तेलाची भोकं पाहा. ती रंगाने बुजली असतील आणि स्क्रूच्या खाचांतही रंग भरला असेल, तर आतली सफाई कोणी केलेलीच नाही.

याहून वाईट वाटतं ते पायाच्या स्टँडचं. हॉटेलांतल्या टेबलांसाठी स्टँड विकले जातात आणि वरची हेड, म्हणजे खुद्द मशीनं, पोत्यात भरून भंगारात जातात. स्टँड आणि हेड वेगळे मिळाले तरी जोडी जमू शकते: मोठ्या हेडचा पाया साधारण साडेचौदा इंच बाय सात इंच असतो. ९९ आणि २८, १२८ ही लहान पायाची, ती मोठ्या खाचेत बसत नाहीत. हेडला हँडल लावायचा विचार असेल तर चाक आऱ्यांचं हवं, भरीव चाकाला हँडलचं बोट अडकवायला जागा नसते.

पायडलचा पट्टा चामड्याचा, साधारण पाच मिलिमीटर जाडीचा घ्या. फार ताठ घातला तर मशीन जड चालतं, आणि लोक त्याचा दोष तेलाला देतात.

अमेरिकेहून आलेल्या मशीनची मोटर ११० व्होल्टची असते, ती थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावू नका. आणि मोटर कुठलीही असो, जुन्या वायरचं रबर चुरा होऊन पडत असेल तर वायर बदलल्याशिवाय प्लग लावायचाच नाही.

स्पिरिट, थिनर आणि खोबरेल तेल

ती सोनेरी वेलबुट्टी लाखेच्या पातळ थराखाली असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एका फडक्यात शंभर वर्षांचं काम पुसलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाहेरून फक्त मशीनचं तेल आणि मऊ सुती कापड. खोबरेल किंवा गोडं तेल आत घातलं तर ते काही दिवसांत चिकट होऊन डिंकासारखं बसतं. अशा अडकलेल्या मशीनमध्ये थोडं रॉकेल सोडा, रात्रभर राहू द्या, केस वाळवायच्या ड्रायरने जरा गरम करा आणि चाक हलकेच मागेपुढे करत राहा. मग रॉकेल पूर्ण पुसून मशीनचं पातळ तेल घाला. पायडलवर जोर देऊन सोडवायला जाऊ नका. बऱ्याचदा आत फक्त शटलमागे गुंतलेला दोरा असतो.

पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर नको, आत घाम धरतो. सुती चादर टाका आणि पंधरा दिवसांतून एकदा मशीन चालवा.

चाक मोकळं होत नाही?

नवा भाग शोधायला निघण्याआधी हे करून पाहा. बॉबिन भरताना चाक सुटं करायची जी गोल चकती असते, तिच्यावरचा छोटा स्क्रू सैल करून ती काढा. आत तीन कानांचा वॉशर दिसेल. त्याच्या आतल्या कडेला वाकवलेले दोन दात असतात, त्यांचं वळण बाहेर, आपल्याकडे हवं. वॉशर साफ केल्यावर अर्धा फिरवून परत बसवला की बहुतेक वेळा काम होतं. लालबागच्या एका काकूंचं १५ दोन वर्षं याच कारणाने माळ्यावर पडून होतं. अर्धा फेरा दिला, चकती आवळली, आणि त्यांनी तिथेच उभ्याउभ्या पहिली बॉबिन भरून घेतली.