इंदूरहून महाराष्ट्रात सुट्टीला: पैसे तिकिटात कमी, सांध्यांत जास्त गळतात

इंदूरच्या मराठी घरांत सुट्टीचा बेत बहुतेकदा असाच ठरतो: आधी पुण्याला आत्याकडे, मग तिथून कोकण किंवा कोल्हापूर. त्यानंतर बसच्या दोनशे रुपयांच्या फरकावर संध्याकाळभर खल होतो. पैसे मात्र जातात दुसरीकडेच. बस पहाटे पाचला वाघोलीत सोडते आणि कोथरूडची रिक्षा मीटरनंच चारशेच्या पुढे जाते. हॉटेलची खोली दुपारी बाराला मिळणार असते, गाडी सकाळी सहाला पोचते, म्हणून अर्ध्या दिवसाचं जादा भाडं पडतं. परतीचं तिकीट विसरलेलं असतं, ते तत्काळात काढावं लागतं. दोन टप्पे जिथे जुळतात, तिथेच गळती असते.

म्हणून तिकिटाच्या आधी एक कागद घ्या आणि घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा प्रत्येक टप्पा लिहा: किती वाजता, किती माणसं, किती सामान, किती रुपये. विजयनगरहून स्टेशन, स्टेशनहून पुणे, पुण्यात उतरून घर. यातला कुठला टप्पा रात्री अकरा ते सकाळी सहाच्या मधे पडतो, त्याखाली रेघ मारा. महाग पडणारे टप्पे बहुतेक तेच असतात.

साठावा दिवस

रेल्वेचं आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवसांवर आलं आहे. पूर्वी 120 होते, आणि अजूनही पुष्कळ लोक चार महिन्यांच्या हिशेबानं शोधत बसतात. प्रवासाचा दिवस मोजायचा नाही. 10 मेला निघायचं तर बुकिंग 11 मार्चला सकाळी 8 वाजता उघडतं. तारीख गाडीच्या पहिल्या स्टेशनवरून मोजतात. गाडी आदल्या दिवशी कुठूनतरी सुटून तुमच्या स्टेशनवर दुसऱ्या दिवशी येत असेल, तर तुमचं बुकिंगही एक दिवस आधी उघडतं. हे लक्षात न घेता दुसऱ्या दिवशी सकाळी बसलात तर वेटिंगच हाती येतं.

आदल्या रात्री दोन कामं उरकून ठेवा. आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बघा; बुकिंग उघडण्याच्या दिवशी आणि तत्काळला त्याशिवाय ऑनलाइन अडतं. दुसरं, सगळ्यांची नावं आणि वयं मास्टर लिस्टमध्ये, म्हणजे खात्यातल्या प्रवाशांच्या यादीत, भरून ठेवा. आठ वाजून एक मिनिटानं आजोबांचं जन्मसाल विचारत बसलात तर बर्थ गेलाच.

एका तिकिटावर सहा जण बसतात आणि सेवाशुल्क माणशी नसून तिकिटामागे असतं: यूपीआयनं भरलं तर बिगर-एसीला 10 आणि एसीला 20 रुपये, कार्डानं 15 आणि 30, वर जीएसटी. तेव्हा सगळ्यांचं एकच तिकीट काढावं, एक अपवाद सोडून. साठीच्या वरचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या वरच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तो एका तिकिटावर एक किंवा दोघंच असले तर. आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा. वीस रुपये जास्त जातील, पण गुडघ्यांना मधल्या बर्थवर चढावं लागणार नाही. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 पासून बंद आहे, तिच्या भरवशावर हिशेब करू नका.

मुलांचं गणित: पाच वर्षांखाली, बर्थ नको असेल तर, तिकीट नाही. पाच ते बाराच्या आत बर्थ न घेता अर्धं भाडं, बर्थ घेतला तर पूर्ण. दिवसाच्या चार-पाच तासांच्या प्रवासाला अर्धं तिकीट ठीक. रात्रभराच्या गाडीत नऊ वर्षांच्या पोराला आईशेजारी झोपवणं म्हणजे दोघांचीही झोप मोडणं, आणि दुसऱ्या दिवशीच्या सहलीचा विचका. तिथे कंजुषी नको.

वेटिंग वाचायला शिका

वेटिंगच्या नुसत्या आकड्यापेक्षा त्याच्या आधीची अक्षरं महत्त्वाची. जीएनडब्ल्यूएल म्हणजे गाडीच्या मूळ कोट्यातलं, ते सर्वांत लवकर सरकतं. आरएलडब्ल्यूएल आणि पीक्यूडब्ल्यूएल मधल्या स्टेशनांचे. त्यांत बर्थ कमी, म्हणून वीस नंबरही जागचा हलत नाही. इंदूरहून सुटणाऱ्या गाडीचं इंदूरहूनच तिकीट काढण्याचा फायदा हाच. मुंबईची अवंतिका एक्स्प्रेस इथूनच संध्याकाळी सुटते आणि सकाळी मुंबई सेंट्रलला पोचते. पार्ल्याला किंवा गोरेगावला जायचं तर सेंट्रलपर्यंत जाऊन उलट येऊ नका. बोरिवलीला उतरा, लोकलनं काम होतं.

चार्ट, म्हणजे प्रवाशांची शेवटची यादी, लागेपर्यंत कन्फर्म न झालेलं ई-तिकीट आपोआप रद्द होतं आणि माणशी 60 रुपये कापून पैसे परत येतात. त्या तिकिटावर गाडीत चढायचं नाही. आरएसी असेल तर चढता येतं, बसायची जागा पक्की. बुकिंग करताना 'विकल्प' हा पर्याय निवडण्याआधी थांबा: दुसऱ्या गाडीत जागा मिळते खरी, पण ती गाडी जवळच्या दुसऱ्या स्टेशनवरूनही असू शकते, आणि ती नको म्हणून सोडली तर कन्फर्म तिकीट रद्द केल्यासारखे पैसे कापले जातात.

तत्काळ हा शेवटचा उपाय. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी एसीचं 10 वाजता उघडतं, स्लीपरचं 11 वाजता. स्लीपरला माणशी 100 ते 200 आणि थर्ड एसीला 300 ते 400 रुपये जादा. चार जणांचं कुटुंब थर्ड एसीनं आलं तर एका बाजूला बाराशे ते सोळाशे रुपये निव्वळ विसराळूपणाचे. शिवाय कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर काहीच परत मिळत नाही.

साधं तिकीट पुष्कळ दिवस आधी रद्द केलं तर ठरावीक रक्कमच कापतात: स्लीपरला माणशी 120, थर्ड एसीला 180 आणि जीएसटी. "राहू दे, बघू" म्हणून दोन तारखांची तिकिटं काढणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा. चार जणांचे स्लीपरचे 480 रुपये अक्कलखाती जमा होतात.

वार बघून वाहन

साध्या मेल-एक्स्प्रेसचं भाडं सोमवारी आणि शनिवारी एकच असतं. खाजगी बसचं आणि विमानाचं नसतं. म्हणून शुक्रवार-रविवारचा प्रवास रेल्वेनं आणि मंगळवार-बुधवारचा बसनं, अशी विभागणी केली तर काहीही न सोसता पैसे वाचतात. दुरांतोला हा नियम लावू नका. तिथे पहिले दहा टक्के बर्थ मूळ भाड्यानं विकतात आणि पुढे दर दहा टक्क्यांना भाडं दहा टक्क्यांनी चढतं. उशिरा काढलेलं दुरांतोचं तिकीट साध्या गाडीच्या वरच्या वर्गाशी तोलून बघा.

बसचं तिकीट काढताना भाड्याच्या आधी उतरण्याची ठिकाणं उघडून बघा. नगरमार्गे येणारी बस वाघोलीकडून पुण्यात शिरते, नाशिकमार्गे येणारी भोसरी-नाशिक फाट्याकडून. कोथरूडला जायचं असेल तर दुसरी बस शंभर रुपयांनी महाग असली तरी घ्या: नाशिक फाट्याला मेट्रो आहे, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, कोथरूडचं वनाज स्टेशन गाठायचं, माणशी तीस-पस्तीस रुपये. मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते, तेव्हा चारला पोचणारी बस नको, सहाला पोचणारी हवी. उशिरा निघणारी बस इथे स्वस्त पडते ती अशी.

पुण्याकडे जाणारी इंदूरची रेल्वे रतलाम, वडोदरा, सुरत असा गुजरातला वळसा घालून जाते. इंदूर ते मनमाड या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली, पण तो होईपर्यंत वळसा आहेच. यावर जुना तोडगा म्हणजे खंडवा. इंदूरहून बसनं खंडव्याला, तिथून भुसावळ-मनमाडकडे जाणारी मुख्य मार्गावरची गाडी. नाशिक, जळगाव, मनमाड किंवा नगरला जाणाऱ्यांना हा रस्ता सोयीचा आणि स्वस्त. पण खंडवा हे मधलं स्टेशन, वेटिंग सरकत नाही. कन्फर्म असेल तरच जा. बस आणि गाडी यांच्यात किमान तीन तास ठेवा. सिमरोलच्या घाटात ट्रक अडकला की तास जातो. अमावास्या-पौर्णिमेला ओंकारेश्वरच्या गर्दीनं मोरटक्क्याला रांग लागते, आणि नर्मदेला पूर आला की तिथला पूल बंद करतात. पावसाळ्यात हा बेत करूच नये.

स्वतःची गाडी असेल तर फास्टॅगचा वार्षिक पास आधी तपासा. 15 ऑगस्ट 2025 ला तो सुरू झाला तेव्हा 3,000 रुपयांत 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. एक टोलनाका म्हणजे एक फेरी. हा राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर वेगळे पैसे पडतात. भाड्याच्या गाडीचा हिशेब निराळा: ठरवताना "रोजचे किमान किलोमीटर किती" हे विचारा. बहुतेक ठिकाणी अडीचशे ते तीनशे धरतात. म्हणजे गणपतीपुळ्याला दोन दिवस गाडी झाडाखाली उभी असली तरी मीटर चालूच, वर ड्रायव्हरचा भत्ता.

महाराष्ट्रात पोचल्यावर

एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. रोज गाव बदलणाऱ्याला तो परवडतो. एका गावी तीन दिवस मुक्काम ठोकणाऱ्याला तोटा होतो, कारण दिवस सलग मोजतात. हरवला तर दुसरा मिळत नाही. आणि एक गोष्ट घरात कुणी हिशेबात धरत नाही: 17 मार्च 2023 पासून एसटीत महाराष्ट्राच्या हद्दीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्यामुळे आई आणि मावशीसाठी पास काढणं बहुतेक वेळा आतबट्ट्याचं. पास बाबांचा काढा, बाकीच्यांनी आधार कार्ड जवळ ठेवून सुटी तिकिटं काढावीत.

सकाळी सहाला पोचून खोली बाराला मिळणार असेल तर स्टेशनवरची रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी पीएनआर टाकून आधी बुक करता येते, बारा तासांसाठीही. नुसतं सामान ठेवायचं तर क्लोकरूम, पण बॅगेला कुलूप हवं आणि तिकीट जवळ हवं. चेनची बॅग बिनकुलपाची नेली तर घेत नाहीत.

कोकणात घरगुती मुक्काम हॉटेलापेक्षा स्वस्त, आणि ॲपपेक्षा थेट फोनवर बहुतेकदा आणखी. फोनवर पाच प्रश्न विचाराच: भाडं खोलीमागे की माणशी, जादा गादीचे किती, जेवण ताटावर की पोटभर, गरम पाणी किती वाजेपर्यंत, खोली किती वाजता मिळेल. हॉटेलात बिल घेताना बघा: 22 सप्टेंबर 2025 पासून रोजचं 7,500 पर्यंत भाडं असलेल्या खोलीला जीएसटी 5 टक्के आहे, 12 नाही. देवस्थानाच्या गावी भक्तनिवास आधी बघावा. शेगावसारख्या ठिकाणी स्वच्छता बऱ्याच हॉटेलांना लाजवेल अशी असते.

नातेवाइकांकडे राहणं फुकट नसतं, तेही कागदावर धरा. दोन किलो शेव आणि चिवडा सियागंजमधून आधीच घेतला तर पुण्यात ऐन वेळी मिठाईच्या दुकानात उभं राहावं लागत नाही. विमानानं जाणार असाल तर आधी वजन करा. बहुतेक स्वस्त तिकिटांत 15 किलो सामान आणि हातात 7 किलो, शेव त्यातच.

डबा

चार माणसांच्या प्रवासात स्टेशनवरचं खाणं हा सर्वांत मोठा बारीक खर्च. पहिल्या वीस तासांसाठी चोवीस दशम्या पुरतात. पीठ दुधात भिजवायचं, पाणी अजिबात घालायचं नाही. पाण्यातली पोळी दुसऱ्या दिवशी चिवट होते, दुधातली मऊ राहते. भाजल्यावर जाळीवर पसरून पूर्ण गार करा, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. गरम भरल्या तर झाकणाला घाम येतो, आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वास यायला लागतो. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गूळ. कांदा घातलेले धपाटे पहिल्या रात्रीच संपवा. दहीभात नेऊ नका. पाणी घरून न्या, संपलं तर रेल नीरची लिटरची बाटली 14 रुपयांना, त्याहून एक रुपया जास्त मागितला तर बिल मागा.