खाडीवर शिक्षकांना नेताय? या चुका टाळा

ठाण्यातल्या प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात "आपण आत्ता बेटावर आहोत का?" असं विचारलं की निम्मा वर्ग हसतो. बेट म्हणजे घारापुरी, फार तर जुनी मुंबई. मग नकाशा उघडायचा. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला उल्हास आणि वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि मधे साष्टीचं बेट. स्टेशन, तलावपाळी, घोडबंदर रोड, सगळं बेटावर. कळव्याला लोकलने जाणारा माणूस रोज बेट सोडून मुख्य भूमीवर उतरतो. तरी परिसर अभ्यासाच्या तासाला बेट शिकवायला लक्षद्वीपचा फोटो लागतो! यात शिक्षकांपेक्षा त्यांना प्रशिक्षण देणाऱ्यांची चूक जास्त, म्हणून हे लिखाण सुलभकांसाठी.

भरती न बघता तारीख ठरवणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि दर वर्षी कोणीतरी ती करतंच. एका प्रशिक्षणाची तारीख परिपत्रकात आली, ती नेमकी पौर्णिमेची. बस साडेदहाला निघाली, साडेअकराला सगळे जेट्टीवर. खाडी तुडुंब. तिवरांचे, म्हणजे खारफुटीच्या झाडांचे बुंधे बुडालेले, हवा घ्यायला चिखलातून वर येणारी श्वसनमुळं पाण्याखाली, चिखलाचा पत्ता नाही. तज्ज्ञ म्हणून आलेले गृहस्थ मात्र डगमगले नाहीत. पाण्याकडे बोट दाखवत म्हणाले, "इथे खाली श्वसनमुळं आहेत, लिहून घ्या." सगळ्यांनी लिहून घेतलं. कार्यपत्रिकेत प्रश्न होता, एका चौरस मीटरमध्ये किती मुळं मोजली? पहिल्या बाईंनी अंदाजाने पंचवीस लिहिलं, आणि ते पंचवीस रांगेत शेवटपर्यंत गेलं. मग उपमा, ग्रुप फोटो, बस.

मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, ते बघाच. पण मी आधी कालनिर्णय उघडतो. कोकणकिनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, तर भरती सहाच्या सुमाराला आणि ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे भर दुपारी. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे वरच्या बसला पाणीच भेटणार होतं. खाडीच्या आतल्या टोकाला, ठाण्यात, वेळ आणखी थोडी पुढे सरकते. हिशेब ठोकळ आहे, पण तो शिक्षकांकडून करून घेतला की चंद्र, तिथी आणि पाणी एकाच तासात येतात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा का येते, हा प्रश्न मग त्यांचे तेच विचारतात.

यात एक मेख आहे. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फारसं आत येत नाही आणि फारसं मागेही जात नाही. उघडा चिखल कमी मिळतो. उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या दिवसांत चिखल भरपूर, पण ओहोटी सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि पाणी परत चढतं ते झपाट्याने. म्हणून मी एकादशी-द्वादशी पकडतो. ओहोटी दुपारी अडीच-तीनला, आणि बाराच्या आधी जेट्टीवर कोणालाही बोलावत नाही. "सर, शाळा साडेबाराला सुटते, दुपारी कशाला?" असं दर वेळी विचारतात. समुद्राला शाळेचं वेळापत्रक माहीत नाही, एवढंच उत्तर देतो.

नाव सांगून मोकळं होणे

चिखलात उडी मारणारा मासा दिसला की सुलभक लगेच म्हणतो, "निवटी! हवेतही श्वास घेते." झालं, वही भरली, मासा गेला. त्याऐवजी दहा मिनिटं गप्प बसा. कोणी म्हणतं बेडूक, कोणी म्हणतं पाल. वाद होऊ द्या. ती मधेच पाण्यात का बुडी मारते, हे कोणाच्या तरी लक्षात येतंच, आणि मग ओल्या त्वचेतून श्वास घेण्याची गोष्ट सांगायला जागा तयार होते. नाव शेवटी सांगा. तेही वर्गातल्या आगरी-कोळी मुलाकडून आलं तर बरं, कारण त्याच्या आजीला निवटी कुठे सापडते हे प्रशिक्षकापेक्षा जास्त ठाऊक असतं.

मिठाची घाई

तिवराच्या पानावर मिठाचे कण असतात. झाड जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. हे भिंगातून बघण्यासारखं आहे, पण पान चाटून बघायचं नाही, खाडीत सांडपाणी येतं.

दुसरा प्रयोग खाडीचं पाणी आटवण्याचा. खुल्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. खाडीत ते पावसाळ्यात बरेच कमी होतात. नेमके किती, हे मे आणि ऑगस्टच्या पाण्याची तुलना करून शिक्षकांनीच शोधायचं. घाईची माणसं गॅसवर पातेलं ठेवतात. पाणी उडतं, तळाला पांढरी भुकटी चिकटते आणि "झाला प्रयोग" म्हणतात. माझ्याकडे उथळ ताट, ऊन आणि आठवडाभर वाट. सावकाश आटलं की चौकोनी स्फटिक दिसतात, मिठागरात तयार होतात तसे. वाट बघायची तयारी नसेल त्यांनी व्हिडिओ दाखवावा, निदान गॅस वाचेल.

बाकीच्या चुका थोडक्यात. फ्लेमिंगोवरच सगळा तास घालवू नका. खाडीला 2015 मध्ये अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला हे खरं, पण पावसाळ्यात मोजके पक्षी उरतात, चिखल बारा महिने असतो. खेकडे बाटलीत भरून वर्गात आणू नका. नर फिडलर खेकड्याची एक नांगी मोठी का, हे बिळाजवळ बसूनच कळतं. श्वसनमुळांवरून चालू नका. अभयारण्यात शिरायचं तर वनविभागाची परवानगी आधी काढा, बस दारात उभी राहिल्यावर नव्हे.

आणि चपला. ओल्या गाळात चप्पल पहिल्या पावलाला रुतते, पट्टा दुसऱ्या पावलाला तुटतो. जुने, नाड्यांचे कॅनव्हासचे बूट सांगा, आणि एक जास्तीची जोडी स्वतःच्या पिशवीत ठेवा, कारण सांगूनही कोणीतरी नवी सॅंडल घालून येणारच.