पोरगा मागावर लागला की अटल पेन्शनचं खातं काढा

सोलापुरात यंत्रमागाची किंवा विडीची मजुरी आठवड्याला हातात पडते आणि घरातच संपते. म्हणून अटल पेन्शन ही सरकारी योजना कमाईच्या सुरुवातीलाच धरा. साठीनंतर महिना ५,००० रुपये हवे असतील, तर १८व्या वर्षी खातं काढल्यास महिन्याचा हप्ता २१० रुपये, ३०व्या वर्षी काढल्यास ५७७ आणि ४०व्या वर्षी थेट १,४५४! त्यापुढे प्रवेशच नाही. प्राप्तिकर भरणाऱ्यांनाही नाही. हप्ता बँकेच्या किंवा पोस्टाच्या बचत खात्यातून आपोआप कापला जातो, म्हणून मजुरीतले शे-दोनशे त्या खात्यात आधी टाका, बाजारहाट नंतर. महागाई पाहता तेवढ्या पेन्शनवर सगळं भागणार नाही, हे खरंच. पण औषधपाण्याला मुलांपुढे हात पसरावा लागणार नाही. खातेदाराच्या मागे तीच पेन्शन नवऱ्याला किंवा बायकोला मिळते.