घोडा शेपूट घासतोय? औषध आणायच्या आधी या चुका टाळा

पावसाळा लागला की मला फोटो यायला लागतात. शेपटीच्या मुळाशी केस उडालेले, कातडी लाल, कधी रक्त, आणि खाली एकच प्रश्न, "दादा कोणतं औषध देऊ?" मी उलटं विचारतो की शेपूट उचलून खाली बघितलं का, तर दहातल्या आठ जणांनी बघितलेलंच नसतं. मेडिकलवर जाऊन आलेत, शेजाऱ्याला विचारून झालंय, दोन बाटल्या आणून झाल्यात, पण शेपूट उचललेलं नाही. सगळ्यात मोठी चूक हीच आहे. घोड्याच्या मागे नाही, बाजूला अंगाला चिकटून उभं राहा, एक हात पाठीवर ठेवा म्हणजे त्याला कळतं तुम्ही कुठे आहात, आणि शांतपणे शेपूट वर करा. पाच मिनिटं लागतात.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती मला महागात पडली आणि तीच चूक मी रोज बघतो.

सारंगखेड्याच्या बाजारातून दत्तजयंतीला एक काठियावाडी घोडी आणली होती, पाच वर्षांची, चालीला सुंदर. जानेवारीच्या शेवटी सकाळी बघतो तर तबेल्याच्या खांबाला केस चिकटलेले. म्हटलं जंत असतील, आयव्हरमेक्टिनची पेस्ट दिली. पंधरा दिवसांनी परत घासणं चालूच, परत पेस्ट दिली. मग लीद तपासायला पाठवली, रिपोर्ट आला की अंडी नाहीत. झालं, मी डोक्यातून जंत हा विषयच काढून टाकला. मग वाटलं दाण्यानेच खाज सुटत असेल, म्हणून हरभरा बंद केला, मका बंद केला, गूळ बंद केला, खोबरेल तेल लावलं, लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने धुतलं, चार महिने गेले आणि शेपटीचं मूळ अगदी उघडं पडलं, घोडी बारीक झाली कारण खायचं सोडून ती खांबाशी उभी असायची.

मग एक निवृत्त डॉक्टर दुसऱ्या घोड्यासाठी आले होते. त्यांनी शेपूट उचललं, गुदाच्या कडेला पिवळट राखाडी पापुद्रा होता तो दाखवला आणि विचारलं हे काय आहे. मी म्हटलं लीद वाळलीय, रोज पुसतो. ते म्हणाले उद्या पुसू नका, मी येतो. सकाळी साधी पारदर्शक चिकटपट्टी त्या जागेवर दाबली, काचेवर लावली, मायक्रोस्कोपखाली बघितली तर पिनवर्म नावाच्या जंताची अंडीच अंडी.

पिनवर्मची गंमत अशी की मादी आतड्यात अंडी घालतच नाही, ती गुदातून बाहेर येते आणि कातडीवर चिकट थरात हजारो अंडी घालते, खाज त्या थराची येते. म्हणून लिदीच्या तपासणीत ती बहुतेक वेळा सापडत नाहीत, लॅबवाल्याची काहीच चूक नसते. रिपोर्ट कोरा आला म्हणजे जंत नाहीत असं समजू नका, चिकटपट्टी लावा, सकाळी धुवायच्या आधी लावा, आणि एक दिवस काही नाही सापडलं तर दोन-तीन दिवस लावा. आणि हो, आयव्हरमेक्टिन पिनवर्मवर कमी पडतंय असं बऱ्याच देशांत दिसलंय, त्यामुळे तेच तेच औषध परत परत देऊन काही होत नाही. आमच्याकडे डॉक्टरांनी फेनबेंडाझोल हे जंताचं दुसरं औषध दिलं, डोस वजनावर ठरवून. तुमच्याकडे काय द्यायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

पण माझी खरी चूक यापुढची होती. तीन घोड्यांना आमचा एकच स्पंज. त्याच स्पंजने शेपटीखाली पुसायचं, त्याच बादलीत बुडवायचं, आणि त्यानेच पुढच्या घोड्याचं तोंड नाकपुड्या पुसायच्या. ती अंडी चार-पाच दिवसांत लागण करण्याजोगी होतात, खांबावर, गव्हाणीवर, भिंतीवर चिकटून राहतात आणि तोंडातून परत आत जातात. आत गेलेल्या अंड्यापासून अंडी घालणारी मादी व्हायला साधारण पाच महिने लागतात, म्हणजे डिसेंबरात आलेली घोडी जानेवारीत घासते याचा अर्थ ती जंत घेऊनच आली होती, माझ्या दाण्याचा काडीचा संबंध नव्हता. हिशोब केला असता तर चार महिने हरभरा बंद ठेवला नसता. आता शेपटीखाली फक्त जुन्या कापडाचे तुकडे वापरतो, एकदा पुसलं की जाळतो, खांब आणि गव्हाण गरम साबणाच्या पाण्याने घासून काढतो, आणि नवीन घोडा आला की महिनाभर त्याचा ब्रश, बादली, झूल सगळं वेगळं. घोड्याचा पिनवर्म माणसाला होत नाही, तेवढी काळजी करू नका.

दुसरी चूक, फक्त शेपटीकडेच बघणं. आयाळ बघा, खांदा बघा, पोटाच्या मध्यावरची रेष बघा. आयाळीचे केस पण तुटलेत, पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त होतंय, सकाळ-संध्याकाळ वेड्यासारखा घासतो आणि उन्हाळ्यात बरा असतो, तर जंतापेक्षा बारीक केमरांवर संशय घ्या. एक ते तीन मिलिमीटरचा किडा, चावताना दिसत पण नाही, आणि त्याच्या लाळेची काही घोड्यांना ॲलर्जी असते. एकाच तबेल्यातल्या पाचपैकी एकालाच होतं म्हणून लोक म्हणतात किडा असता तर सगळ्यांना झालं असतं. नाही, ॲलर्जी ज्याला आहे त्यालाच होते. ही केमरं चिखलात आणि ओल्या लिदीत वाढतात, उडायला फार कमजोर असतात, म्हणून तबेल्यात एक मोठा पंखा लावला तरी फरक पडतो. माझी सवय म्हणजे पाच वाजायच्या आत घोडे आत, पंखा चालू, दारा-खिडक्यांना एकदम बारीक जाळी (साधी मच्छरदाणीची जाळी पुरत नाही, त्यातून हे आत येतात), आणि लीद रोज लांब खड्ड्यात. धूर करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, बंद तबेल्यात गोवऱ्यांचा धूर करू नका, घोड्याची फुप्फुसं फार नाजूक असतात, खाज थांबवता थांबवता खोकला लावून घ्याल.

आता ज्या गोष्टीचा मला खरंच राग येतो ती. जळकं ऑइल. गंधक घालून, रॉकेल घालून, नुसतं, कसंही. गावात बैलाला लावतात म्हणून घोड्याला लावायचं. आमच्या शेजारच्या गावात वरातीची पांढरी घोडी होती, लग्नसराईच्या महिनाभर आधी शेपूट घासायला लागली, मालकाने घाईत दोन दिवस जळकं ऑइल आणि रॉकेल चोळलं. तिसऱ्या दिवशी शेपटीपासून मांडीपर्यंत कातडी सुजली, मग पापुद्रे निघाले, माश्या बसायला लागल्या. त्या माणसाचा पूर्ण सीझन गेला आणि घोडी शेपटीला हात लावू देईना, नंतर तिच्या आचळांमध्ये साठलेला काळा चिकट मळ निघाला, खाज त्याची होती, कोमट पाण्याने धुवून भागलं असतं. घोडीच्या दोन आचळांच्या मधे आणि घोड्याच्या लिंगाच्या खोळीत हा मळ साठतो, तिथे त्याला खाजवता येत नाही म्हणून तो शेपूट घासतो. हात घालून बघायला लाज वाटते म्हणून लोक बघत नाहीत.

तसंच अमिट्राझ. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी सर्रास मिळतं, बाटली घरात असतेच, म्हणून घोड्याला फवारतात. घोड्याला ते चालत नाही, आतड्याची हालचाल मंदावते, लीद अडकते आणि कोलिक म्हणजे जोराची पोटदुखी होते, घोडा जाऊ शकतो. गोठ्यातलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन पण घोड्याला टोचू नका, टोचल्या जागी वाईट सूज आणि इन्फेक्शन होतं, घोड्याला तोंडातून पेस्टच.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. थंडीत केस दाट होतात तेव्हा उवा शोधा, टॉर्च घेऊन केस फाकवून, आणि सापडल्या तर सगळ्या घोड्यांना एकदम औषध, दोन आठवड्यांनी परत. माणसाचा शाम्पू लावून अर्धवट धुतला तर उरलेल्या साबणानेच खाज सुटते. गोल चट्टे, कडेला खवले, असं असेल तर बुरशी आहे, मग खरारा वेगळा ठेवा. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने दोन दिवसांत खाज थांबते म्हणून दर महिन्याला मारून घेणारे आहेत, त्यातून लॅमिनायटिस म्हणजे खुरांच्या आतली दुखरी सूज होऊ शकते, ती झाली की शेपटीचं दुःख काहीच वाटणार नाही. चार दिवसांत फरक नाही म्हणून चार औषधं बदलणाऱ्यांना काय सांगू, कशाने बरं झालं हे त्यांना कधीच कळत नाही आणि पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून सुरू.

आणि बाजाराच्या आधी उघडं पडलेलं मूळ लपवायला शेपटीला घट्ट पट्टी बांधतात तेही थांबवा. रात्रभर आवळून ठेवली तर रक्त थांबतं, तिथली कातडी मरते, केस पांढरे उगवतात किंवा उगवतच नाहीत. बांधायचीच असेल तर एक बोट सहज आत जाईल इतकी सैल बांधा आणि तासाभरात सोडा. घेणारा शहाणा असेल तर पट्टी सोडून बघणारच आहे. मी तर आता बाजारात दात बघायच्या आधी शेपूट उचलतो.