फिल्टर कॉफी पाणचट होते, कडू होते की गळतच नाही? या चुका टाळा

हौसेने स्टीलचा फिल्टर आणायचा, माटुंग्याहून ताजी दळलेली पावडर आणायची आणि चौथ्या दिवशी फिल्टर माळ्यावर टाकून पुन्हा इन्स्टंटची बरणी उघडायची, असं पुष्कळ घरांत होतं. आपला हात चहाला सरावलेला असतो. चहाचा रंग कमी वाटला तर आणखी उकळता येतो. फिल्टर कॉफीला ते चालत नाही. तिचं जे काही भलंबुरं व्हायचं ते दूध घालायच्या आधी, खालच्या भांड्यात थेंब पडत असतानाच होऊन जातं. म्हणून कॉफी बिघडली तर दूध-साखर बदलत बसू नका, आधी डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून खाली गळलेला कॉफीचा दाट अर्क, तपासा.

रात्रभर ठेवलं तरी खाली चारच थेंब

सगळ्यात जास्त छळणारा प्रकार हा. पहिला संशय दळणावर घ्या. घरच्या मिक्सरमध्ये बिया फिरवल्या की थोडं पीठ आणि थोडी भरड असं होतं, आणि ते पीठ फिल्टरच्या वरच्या भांड्याच्या तळाला असलेल्या जाळीची भोकं बुजवतं. फिल्टरला पावडर बारीक रव्यासारखी लागते. दुकानात बिया दळून घेताना ‘फिल्टरसाठी’ असं आवर्जून सांगा.

दुसरी चूक दाबण्याची. पावडर घातल्यावर भांडं ओट्यावर एकदा हलकेच आपटायचं म्हणजे थर सपाट होतो. मग फिल्टरसोबत येणारी दांडीची, भोकांची चकती पावडरीवर नुसती टेकवायची आणि बोटाने जरासं दाबायचं. जोर लावून ठासलं की पाणी वरच तुंबतं.

दळण बरोबर, दाबही बरोबर, तरी गळत नसेल तर वरचं भांडं खालच्यात घट्ट बसलंय का बघा. खालची हवा बाहेर पडायला वाट नसेल तर वरचं पाणी उतरत नाही. मी कितीतरी दिवस पावडरीला दोष देत होते. शेवटी शेजारच्या मामींनी येऊन वरचं भांडं केसभर उचललं आणि पुन्हा ठेवलं, आणि टपटप सुरू झाली. आता मी घट्ट दाबून बसवतच नाही.

महिन्यातून एकदा जाळी उजेडासमोर धरा. काही भोकांतून उजेड येत नसेल तर तिथे जुना चोथा वाळून बसलाय. संपूर्ण स्टीलचा फिल्टर असेल तर वरचं रिकामं भांडं चिमट्यात धरून त्याची जाळी मिनिटभर गॅसच्या आचेवर फिरवा. आतला चोथा जळतो. भांडं पूर्ण गार झालं की ब्रशने घासून टाका.

पाच मिनिटांत सगळं खाली, रंग मात्र कोऱ्या चहासारखा

याचं बहुतेक वेळा एकच कारण असतं: सहा जणांचा फिल्टर आणि दोन चमचे पावडर. थर पातळ असला की पाणी न थांबता निघून जातं. दोघांच्या घरात लहान फिल्टरच हवा, पाहुण्यांसाठी मोठा वेगळा ठेवा.

प्रमाण एकदा मोजून बघा. २० ग्रॅम पावडरीला १२० मिली पाणी. चोथा आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणजे हातात येतं सुमारे ८० मिली डिकॉक्शन. दोन कपांना ते पुरतं, प्रत्येकी १०० ते १२० मिली दूध घालून.

पाणी एकदम ओतू नका. उकळी फुटली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी पावडर भिजेल एवढंच घाला. ताजी पावडर फुगून वर येते, ती फुगली की उरलेलं पाणी गोल फिरवत ओता. १५ ते २० मिनिटांत उतरलं तर सगळं जमलं असं समजा. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून काढलेलं डिकॉक्शन फिकंच असतं. ते पहिल्यात मिसळा, पण नुसतं त्याचीच कॉफी पाहुण्यांना देऊ नका.

कडू, जळकट, खवट

कडू लागण्याचं घरातलं मुख्य कारण म्हणजे डिकॉक्शन गॅसवर उकळणं. सकाळचं उरलेलं संध्याकाळी गरम करायचं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा आणि वर कडकडीत दूध ओता. खवट वास मात्र जुन्या पावडरीचा किंवा न घासलेल्या फिल्टरचा असतो. कॉफीत तेल असतं, ते भांड्याला चिकटतं आणि खराब होतं. पावडर १००-१५० ग्रॅमच आणावी, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी आणि हिंग-मसाल्यांपासून लांब ठेवावी. फ्रिजमधून काढ-घाल केली की तिला ओल धरते.

पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. तिच्यात कॅफीन नसतं, ती रंग आणि दाटपणा देते. भारतातल्या नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के लागते, म्हणजे जवळपास अर्धी चिकोरीसुद्धा कायद्यात बसते. दाट काळी दिसते पण कॉफीचा वास नाही, अशी तक्रार असेल तर इथेच बघा. ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी इथून सुरुवात करावी असं माझं मत.

जायफळाची कॉफी

फिल्टर कॉफीवाले नाक मुरडतील, पण आपल्या घरांतली कॉफी म्हणजे जायफळाची, आणि ती मला मनापासून आवडते. फक्त जायफळ दुधात उकळू नका, वास उडून जातो आणि कडवटपणा मागे राहतो. तयार पूडही नको. अख्खं जायफळ कप भरल्यावर बारीक किसणीवर दोन-तीनदा फिरवा, तेवढं बास.

आमच्या आजीकडे फिल्टर नव्हता. ती पाण्यात साखर घालून उकळी आणायची, खाली उतरवून मग पावडर टाकायची आणि पाच मिनिटं झाकून ठेवायची. गॅसवर असतानाच पावडर टाकली तर चहासारखी उकळून कडू होते. गाळायला ती धुवट मलमलचं फडकं घ्यायची, गरम दूध नंतर. हे करताना एकच सांभाळा: फडकं पिळू नका. पिळलं की बारीक गाळ खाली उतरतो आणि शेवटचा घोट कचकचतो.