लॅपटॉप उघडला की वाय-फायचं लॉगिन पेज आपोआप उघडतंय? ते असं बंद करा

मागे एका ट्रेनिंगला गेलो होतो, लॅपटॉप प्रोजेक्टरला लावलेला, समोर तीस-चाळीस माणसं, आणि दुसऱ्याच स्लाइडवर असताना धाडकन ब्राउझर उघडला. भिंतीएवढं पेज, 'वेलकम गेस्ट, रूम नंबर टाका', खाली लग्नाच्या हॉलची जाहिरात. बंद केलं, तर पाच मिनिटांत परत हजर, कारण तिथलं वाय-फाय मधेच तुटायचं आणि जोडलं गेलं की पेज पुन्हा वर यायचं. मागच्या रांगेतून एक काका म्हणाले, सर, व्हायरस दिसतोय.

व्हायरस नव्हता, पण हे असं झालं की बरेच जण आधी अँटिव्हायरस चालवतात, मग क्रोम काढून परत टाकतात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. पेज हॉटेलचं असतं हे खरं, पण ब्राउझर उघडतं आपलंच विंडोज.

होतं काय, तर विंडोज 10 किंवा 11 कुठल्याही नेटवर्कला जोडलं गेलं की ते गुपचूप मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून एक चिमुकली टेक्स्ट फाइल मागतं, तिच्यात फक्त 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढे तीन शब्द असतात. ते जसेच्या तसे आले तर नेट चालू आहे. फाइलच्या जागी राउटरने स्वतःचं लॉगिन पेज पुढे केलं तर विंडोजला कळतं की इथे आधी लॉगिन करावं लागणार, आणि ते आपल्या सोयीसाठी ब्राउझर उघडून देतं. मॅकमध्येही हेच, तिथे अ‍ॅपलच्या सर्व्हरकडून 'सक्सेस' हा एक शब्द यावा लागतो, नाही आला तर छोटी वेगळी खिडकी उघडते. अशा लॉगिन पेजला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता उपाय. रजिस्ट्रीला, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्याला, हात लावायच्या आधी एक साधी गोष्ट करा, बहुतेकांचं काम तेवढ्यातच होतं. सेटिंग्जमध्ये जा, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, मग मॅनेज नोन नेटवर्क्स. इथे तुम्ही आजवर जोडलेल्या सगळ्या नेटवर्कची यादी दिसेल आणि ती बघून हसू येईल, माझ्यात पाच वर्षांपूर्वीच्या लॉजचं नाव निघालं. ज्याचा त्रास होतोय त्याच्यावर क्लिक करून 'कनेक्ट ऑटोमॅटिकली व्हेन इन रेंज' बंद करा, पुन्हा कधी लागणारच नसेल तर सरळ फर्गेट.

रेल्वे स्टेशनचं उदाहरण घ्या. मुंबई सेंट्रलला जानेवारी 2016 मध्ये रेल्वेची कंपनी रेलटेल आणि गूगलने फुकट वाय-फाय सुरू केलं, मग ते एकेक करत शेकडो स्टेशनांवर पोचलं. मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, रोज अर्धा तास फुकट. आपण कधीतरी गाडी लेट होती म्हणून लॅपटॉप जोडलेला असतो, तो ते नाव विसरत नाही, आणि पुढच्या वेळी फलाटावर झाकण उघडलं की आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या आधी तिकडेच जाऊन चिकटतो. पेज उघडतं, आणि आपण म्हणतो नेट चालत नाही. ऑटोमॅटिक कनेक्ट बंद केलं की हे सगळं थांबतं आणि बाकी काही बिघडतही नाही.

पण समजा त्याच वाय-फायवर राहायचंय, फक्त पेज आपोआप उघडायला नको, तर मग विंडोजची ती टेक्स्ट फाइल मागण्याची तपासणीच बंद करावी लागेल. स्टार्टमध्ये रेजएडिट (रजिस्ट्री उघडणारा प्रोग्राम) शोधा, उजवं क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. एचकेईवाय लोकल मशीन, त्यात सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, एनएलए एसव्हीसी, पॅरामीटर्स, इंटरनेट असं एकेक फोल्डर उघडत जा. उजवीकडे 'एनेबल अ‍ॅक्टिव्ह प्रोबिंग' दिसेल, डबल क्लिक करा, 1 च्या जागी 0 टाका, रीस्टार्ट. आजूबाजूच्या कशालाही हात लावू नका, आणि आधी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करून त्या फोल्डरची कॉपी ठेवा, दोन मिनिटं जातात पण चुकलं तर तीच उपयोगी पडते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हे आयटीवाल्यांना विचारूनच.

याची किंमत मोजावी लागते तेही सांगतो. तपासणीच नाही म्हटल्यावर विंडोजला नेट आहे की नाही हे नीट कळत नाही, त्यामुळे कधी सगळं मस्त चालू असताना खाली कोपऱ्यात 'नो इंटरनेट' दिसतं, आणि आउटलुकसारखे काही प्रोग्राम त्या चिन्हावर विश्वास ठेवून मी ऑफलाइन आहे म्हणून बसून राहतात. असं झालं तर 0 चा परत 1 करा. मी स्वतः ट्रेनिंग असेल त्या दिवसापुरतंच बंद ठेवतो.

फायरफॉक्स ही तपासणी स्वतःची वेगळी करतो, वरती पट्टी येते ना, नेटवर्कला लॉगिन करा म्हणून, ती त्याचीच. अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट कोलन कॉन्फिग टाका, इशारा येईल तो मान्य करा, कॅप्टिव्ह शोधा, आणि 'कॅप्टिव्ह पोर्टल सर्व्हिस एनेबल्ड' ही ओळ ट्रूची फॉल्स करा. मॅकवाल्यांनी वाय-फाय सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या डिटेल्समध्ये जाऊन ऑटोमॅटिकली जॉइन बंद करावं. उबुंटूमध्ये प्रायव्हसीखाली कनेक्टिव्हिटी चेकिंगचं बटण आहे, ते बंद केलं की झालं.

आता पेज आपोआप येत नाही, मग लॉगिन करायचंच असेल तेव्हा काय? एचटीटीपीएसवाली, म्हणजे सुरक्षित जोडणीची साइट उघडत बसू नका, तिच्यात राउटरला मधे घुसता येत नाही, म्हणून सर्टिफिकेटची भीतीदायक सूचना तरी येते नाहीतर पान नुसतं फिरत राहतं. नेव्हर एसएसएल डॉट कॉम उघडा, ती साइट मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलेली आहे, लॉगिन पेज लगेच समोर येतं. तरीही नाही आलं तर व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारा प्रोग्राम) चालू आहे का बघा, आणि डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये, तुम्ही कधीकाळी चार वेळा 8 (गूगलचा सर्व्हर) टाकून ठेवला असेल तर तो तात्पुरता ऑटोमॅटिकवर आणा, माझ्या मेहुण्याच्या लॅपटॉपला तासभर झटापट केल्यावर शेवटी तेच निघालं होतं.