घर घेतलंत? झिलोच्या आधी काउंटीचं रेकॉर्ड उघडा

अमेरिकेत घराची किल्ली हातात पडली की आपल्या मंडळींचा पहिला उद्योग ठरलेला: झिलो या घरांच्या किमती दाखवणाऱ्या साइटवर स्वतःचं घर उघडून बघणे. मग रोज, शेअरचा भाव बघावा तसं. पॉटलकला गेलं की "तुमचं झेस्टिमेट किती झालं?" झेस्टिमेट म्हणजे झिलोने काढलेला किमतीचा अंदाज. बघा, हरकत नाही. पण आकड्याखाली बेडरूम, बाथरूम, स्क्वेअर फूट लिहिलेले असतात, त्यात चूक असू शकते, आणि ते कोणी वाचत नाही. मीही वाचले नव्हते.

साइटवरची दुरुस्ती सोपी आहे. झिलो असो की रेडफिनसारखी दुसरी साइट, खातं उघडून घर क्लेम करायचं, म्हणजे ते आपलं असल्याचं नोंदवायचं, मालकी पटवायची, की तपशील बदलता येतात. त्याच बैठकीत जुन्या लिस्टिंगमधले (विक्रीच्या जाहिरातीतले) आतले फोटोही लपवा. मुलांची खोली कुठे आहे हे गावाला कशाला दाखवायचं?

आता माझा मूर्खपणा. आमच्या घरात अडीच बाथरूम (अर्धी म्हणजे नुसतं टॉयलेट आणि बेसिन), साइटवर तीन. शिवाय गॅरेजचे ४०० फूट राहत्या जागेत धरलेले. एका संध्याकाळी साइटवर दुरुस्त केलं आणि मोकळा झालो. ही चूक साइटकडे आली कुठून, हा प्रश्नच पडला नाही. आली होती काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखं) असेसरकडून, म्हणजे करासाठी घराचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडून, आणि त्याच नोंदीवर मी तीन वर्षं प्रॉपर्टी टॅक्स भरत होतो. साइटवर केलेला बदल काउंटीला कळत नाही. अपील केल्यावर पुढचा कर उतरला, मागचे पैसे गेले ते गेलेच.

म्हणून आधी असेसरच्या वेबसाइटवर पत्ता टाकून प्रॉपर्टी कार्ड काढा. आपल्याकडच्यासारखे सिटी सर्व्हेत खेटे घालावे लागत नाहीत. कर्जाच्या वेळच्या अप्रेझल (मूल्यांकन) रिपोर्टमध्ये घराचा नकाशा मापांसकट असतो. क्लोझिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण झाली तेव्हाच्या, कागदांच्या ढिगातून तो रिपोर्ट शोधा, कार्डाशी ताडून बघा, फरक निघाला तर तो रिपोर्टच जोडून असेसरला कळवा. असेसमेंटची (करासाठी ठरवलेल्या मूल्याची) नोटीस आली की अपिलाची मुदत तिच्यातच बघा. मी ती नोटीस दोनदा जंक मेलबरोबर फेकली होती.

फुगवाफुगवी करू नका. बेसमेंट फिनिश केलं की आपल्यातले काहीजण ते सगळे फूट मुख्य आकड्यात घालतात आणि खाली पलंग टाकला की पाचवी बेडरूम! जमिनीखालचं क्षेत्रफळ अप्रेझर वेगळं धरतो, आणि आग लागली तर बाहेर पडता येईल अशी खिडकी नसेल तर ती बेडरूमच नव्हे. परमिटशिवाय केलेल्या कामाची जाहिरात तर नकोच.

झेस्टिमेटवर जीव टाकू नका. विक्रीला नसलेल्या घरांसाठी मध्यक चूक साधारण ७ टक्के, असं झिलो स्वतःच सांगतं. पाच लाखांच्या घरात ३५ हजार डॉलर झाले, आणि निम्म्या घरांत चूक त्याहूनही मोठी.

आणि हो, क्लोझिंगनंतर सरकारी दिसणारं एक पत्र येईल: डीडची (खरेदीखताची) प्रत हवी असेल तर शंभरेक डॉलर पाठवा. काउंटी रेकॉर्डरकडे (दस्त नोंदवणारं कार्यालय) तीच प्रत किरकोळ पैशांत मिळते. पत्र सरळ केराच्या टोपलीत.